सिस्ट किती मोठी, यापेक्षा तिच्या आत काय आहे ते पाहा

प्रश्न : माझं वय ३४. एक मुलगा आहे, दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. गेल्या आठवड्यात ओटीपोटात उजव्या बाजूला अचानक दुखू लागलं म्हणून सोनोग्राफी केली. पाळी येऊन २२ दिवस झाले होते. रिपोर्टात लिहिलं आहे : ‘उजव्या अंडाशयात ४.६ × ४.१ सेंमीची हेमरेजिक सिस्ट, आत जाळीसारख्या रेषा, आतल्या भागात रक्तप्रवाह दिसत नाही. डावं अंडाशय नॉर्मल.’ दुखणं आता बरंच कमी आहे. एक डॉक्टर म्हणाले थांबा, दुसरे म्हणाले काढून टाका. मागच्या वर्षी स्तनात १२ मिमीची सिम्पल सिस्ट निघाली होती आणि मानेवर एक गाठ कॉलेजपासून आहे. माझ्या अंगालाच गाठी होण्याची खोड आहे का? आईचं वय ६२, तिलाही अंडाशयात ३ सेंमीची सिस्ट सापडली आहे. माझ्या सिस्टहून ती लहान, तरी आईला सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करायला सांगितलं आणि मला नाही, असं का? यातली कुठली कॅन्सरची असू शकेल?

उत्तर : ताई, तुमच्या रिपोर्टातलं वर्णन जसंच्या तसं खरं धरलं, तर ही दर महिन्याच्या बीजनिर्मितीतूनच झालेली सिस्ट आहे. अशा बहुतेक सिस्ट दीड-दोन महिन्यांत आपोआप जिरतात. आज ऑपरेशन करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. ‘थांबा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आम्ही आहोत. मात्र थांबायचं म्हणजे विसरून जायचं नाही. पुढची सोनोग्राफी कधी करायची, याला फार महत्त्व आहे. ते खाली सविस्तर सांगतो. तुमच्या तीन गाठींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या कारणांनी त्या झाल्या आहेत.

सिस्ट म्हणजे चारही बाजूंनी बंद असलेली पिशवी. तिला आतून पेशींचं अस्तर असतं आणि पोकळीत पाणी, रक्त, चिकट द्रव किंवा घट्ट पदार्थ असतो. गाठ हाताला लागली म्हणजे ती सिस्टच असेल असं नाही. गर्भाशयातला फायब्रॉइड, स्तनातला फायब्रोअडेनोमा, त्वचेखालची चरबीची गाठ या सगळ्या भरीव गाठी आहेत, सिस्ट नव्हेत. अस्तराची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे अनेकदा तिच्याकडे यावं लागणार आहे. आतला द्रव बहुधा हे अस्तरच तयार करतं. त्यामुळे सुईने नुसतं पाणी काढलं आणि अस्तर आत राहिलं, तर पिशवी पुन्हा भरू शकते.

आता अंडाशयाकडे येऊ. दर पाळीत एक फॉलिकल, म्हणजे अंडं असलेली पाण्याची छोटी पिशवी, वाढत जातं, साधारण १८ ते २५ मिमीचं झालं की फुटतं आणि अंडं बाहेर पडतं. फॉलिकल ठरलेल्या वेळी फुटलंच नाही आणि वाढतच राहिलं, तर ३ सेंमीच्या पुढे त्याला फॉलिक्युलर सिस्ट म्हणतात. ते फुटलं, तर मागे उरलेल्या कवचाचं पिवळसर ग्रंथीत रूपांतर होतं. तिला कॉर्पस ल्युटियम म्हणतात. गर्भ राहिला तर त्याला आधार देणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ही ग्रंथी बनवते. तिच्या भिंतीत बारीक नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं घाईघाईने तयार होतं. त्यातली एखादी तुटली की रक्त आतल्या पोकळीत साठतं. हीच हेमरेजिक सिस्ट. रक्त गोठताना त्यात तंतू तयार होतात आणि सोनोग्राफीत ते जाळीसारखे दिसतात. ही जाळी म्हणजे नुसतं गोठलेलं रक्त, वाढणारं मांस नव्हे. म्हणूनच आतल्या भागात रक्तप्रवाह नसणं ही चांगली खूण आहे. भिंतीभोवती मात्र रक्तप्रवाहाचं कडं दिसू शकतं. ते कॉर्पस ल्युटियमचं नेहमीचं लक्षण आहे, त्याने घाबरू नका.

तुमची सोनोग्राफी २२व्या दिवशी झाली, म्हणजे कॉर्पस ल्युटियम भरात असतानाच. वेळही निदानाशी जुळते आहे.

एक गोष्ट राहिली असेल तर लगेच करा : गर्भ आहे का याची तपासणी. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल आणि अंडाशयाजवळ गाठ दिसत असेल, तर बीजवाहिनीत गर्भ रुजला आहे का हे आधी पाहायचं असतं. दोन्हींचं चित्र पुष्कळदा सारखं दिसतं. त्यातच कॉर्पस ल्युटियमची सिस्ट पाळी काही दिवस लांबवू शकते, त्यामुळे गोंधळ वाढतो. घरच्या लघवीच्या तपासणीने सहसा उलगडा होतो. निकालाबद्दल शंका असेल तर रक्तातलं बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भारपणाचं संप्रेरक, मोजतात.

पुन्हा सोनोग्राफी करायची ती ६ ते १२ आठवड्यांनी, आणि पाळी सुरू झाल्यापासून ५व्या ते १०व्या दिवसादरम्यान. बायकांचा इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. दोन महिन्यांनी आठवण झाली, सवड मिळेल तेव्हा गेल्या, आणि तो पुन्हा २०वा-२२वा दिवस निघाला. तेव्हा त्याच अंडाशयात नवीन महिन्याचं कॉर्पस ल्युटियम दिसतं, रिपोर्टात ‘सिस्ट कायम’ असं लिहून येतं आणि मग ‘जात नाही, काढा’ असा निर्णय होतो. प्रत्यक्षात जुनी केव्हाच गेलेली असते. पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, जुना रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्या, जमल्यास त्याच ठिकाणी आणि योनीमार्गातून करायची टीव्हीएस पद्धतीचीच सोनोग्राफी करा. पोटावरून केलेल्या तपासणीत आतल्या बारीक रेषा तितक्या स्पष्ट दिसत नाहीत.

खरं तर इतकं स्पष्ट वर्णन असलेली, ५ सेंमीच्या आतली हेमरेजिक सिस्ट पाळी चालू असलेल्या वयात असेल, तर पुन्हा तपासायचीही गरज नाही असा बऱ्याच तज्ज्ञांचा प्रघात आहे. तुम्हाला दुखलं होतं, मूल हवं आहे आणि दोन डॉक्टरांची दोन मतं पडली आहेत, म्हणून एकदा पाहून घ्यावं असं आम्ही म्हणतो.

ती जिरवायला औषध? नाही. गर्भनिरोधक गोळ्या देऊन सिस्ट लवकर जाते असा समज फार पसरलेला आहे, पण झालेली सिस्ट त्यांनी लवकर जात नाही. गोळ्या घेत असताना अंडं बाहेर पडत नाही, म्हणून नवीन सिस्ट होणं कमी होतं, एवढाच त्यांचा उपयोग. तुम्हाला तर मूल हवं आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्नच येत नाही. सिस्ट ‘विरघळवणारी’ घरगुती किंवा जाहिरातीतली औषधं नावाजली जातात तीही याच कारणाने : दोन महिने घेतली, सिस्ट गेली. न घेताही ती गेली असतीच.

दुखलं तर पॅरासिटामॉल, किंवा पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा असं काही नसेल आणि गर्भ नसल्याची खात्री असेल तर आयबुप्रोफेन. शेक घ्यायला हरकत नाही. पहिले दोनेक आठवडे उड्या, धावणं, जोराचा व्यायाम टाळा. संबंधही तेवढे दिवस टाळलेले बरे, कारण अशी सिस्ट फुटते ती पुष्कळदा यांच्यानंतरच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणी घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

सिस्ट फुटली तर? बहुतेकदा एकदम कळ येते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. बाहेर आलेला द्रव पोटाच्या आतलं आवरण शोषून घेतं. पण चक्कर येऊन पडणं, नाडी जोरात चालणं, चेहरा पांढराफटक पडणं, पोट फुगून कडक होणं किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं यातलं काहीही झालं तर पोटात रक्त साठतंय असं समजून तातडीने रुग्णालयात जायचं.

दुसरा धोका पीळ पडण्याचा. सिस्टच्या वजनाने अंडाशय आपल्या देठाभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. सिस्ट ५ सेंमीच्या पुढे गेली की ही शक्यता वाढते, आणि हे उजव्या बाजूला जास्त होतं. एका बाजूला अचानक तीव्र दुखणं आणि त्याबरोबर मळमळ-उलटी, ही याची जोडी. दुखणं मध्येच कमी होऊन परत उसळू शकतं, कारण पीळ थोडा सुटतो आणि पुन्हा बसतो. अशा वेळी गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहू नका. काही तासांत अंडाशय गमावण्याची वेळ येऊ शकते. रुग्णालयात जाताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. डॉप्लर या रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असंही ठरत नाही; लक्षणं बोलत असतील तर दुर्बिणीतून आत पाहावंच लागतं. अंडाशय काळं-निळं दिसलं तरी पीळ सोडवल्यावर ते बहुतेकदा सावरतं. म्हणून तरुण बाईचं अंडाशय तेवढ्यावरून काढून टाकत नाहीत.

दुसऱ्या सोनोग्राफीत सिस्ट गेलेली असेल तर विषय संपला. लहान झाली असेल तर आणखी एकदा पाहायचं. तशीच असेल किंवा वाढली असेल, तर निदानच वेगळं असू शकतं, आणि तिथे दोन नावं पुढे येतात.

पहिलं, चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओमा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात रुजते, दर पाळीला तिथे रक्त सुटतं आणि साठून जुनं, घट्ट, तपकिरी होत जातं. सोनोग्राफीत आतला भाग जाळीदार न दिसता एकसारखा दुधी काचेसारखा धूसर दिसतो. वर्षानुवर्षं वाढत गेलेलं पाळीचं दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पाळीत शौचाला बसताना कळा, असं काही तुम्हाला आहे का ते आठवून पाहा. ही सिस्ट सहसा आपोआप जात नाही. डायनोजेस्टसारख्या औषधाने दुखणं कमी होतं, सिस्ट आकसतेही, पण औषध चालू असेपर्यंत सहसा गर्भ राहत नाही आणि बंद केल्यावर त्रास परतू शकतो.

मूल हवं असणाऱ्या बाईने या सिस्टचं ऑपरेशन घाईने करू नये, हे आम्ही ठासून सांगू. अस्तर सोलून काढताना त्याला चिकटलेला अंडाशयाचा चांगला भागही निघून येतो. अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच हे रक्तातलं संप्रेरक ऑपरेशननंतर कमी होतं, म्हणजे उरलेल्या अंड्यांचा साठा घटतो. दोन्ही बाजूंना सिस्ट असतील किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर नुकसान जास्त. म्हणून आधी एएमएच आणि पतीची वीर्यतपासणी करावी, वय पाहावं आणि मग आधी गर्भासाठी प्रयत्न की आधी ऑपरेशन हे ठरवावं. सुईने नुसतं रक्त काढून घेणं हा उपाय नाही. अस्तर जागेवरच राहतं, काही महिन्यांत सिस्ट भरते, शिवाय पू होण्याचा धोका वेगळा.

दुसरं, डर्मॉइड सिस्ट. बीजपेशींमध्ये शरीरातली कुठलीही ऊती बनवण्याची क्षमता असते. त्यातली एखादी पेशी अंडाशयातच वाढू लागली की पिशवीत चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतात. रिपोर्टात हे वाचून घरचे हबकतात आणि नको त्या शंका काढतात. गर्भधारणेशी याचा काडीचाही संबंध नाही. कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही ती होते. डर्मॉइड वर्षाला एक-दोन मिमी अशी संथ वाढते, जिरत मात्र नाही. दहापैकी साधारण एका बाईला दोन्ही बाजूंना असते, म्हणून दुसरं अंडाशयही नीट पाहावं लागतं. कॅन्सर होण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली आहे. खरा त्रास पीळ पडण्याचा. लहान असेल तर दरवर्षी सोनोग्राफी करून नजर ठेवता येते. मोठी असेल तर अंडाशय राखून फक्त सिस्ट काढतात. काढताना ती फुटून चरबी पोटात सांडली तर आतल्या आवरणाला दाह होतो. म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर घेतात आणि सांडलंच तर भरपूर सलाइनने पोट धुतात.

सिरस आणि म्युसिनस सिस्टॅडेनोमा हे सिस्टचे आणखी दोन, कॅन्सर नसलेले प्रकार आहेत. पहिल्यात पातळ पाणी असतं, दुसऱ्यात चिकट द्रव आणि बरेच कप्पे. म्युसिनस तर २० सेंमीच्याही पुढे वाढू शकते. या जिरत नाहीत, सहसा काढाव्या लागतात.

पाळी चालू असलेल्या वयात साध्या, एक कप्पा आणि आत स्वच्छ पाणी असलेल्या सिस्टसाठी आकाराचे ठोकताळे असे आहेत : ३ सेंमीपर्यंत ती सिस्ट न मानता अंडाशयाचं नेहमीचं कामच मानतात. ५ पर्यंत सहसा पुन्हा तपासणी लागत नाही. ५ ते ७ असेल तर वर्षाने सोनोग्राफी. ७च्या पुढे सोनोग्राफीत सगळी भिंत नीट दिसेलच याची खात्री नसते, म्हणून एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार होतो. पण सेंटीमीटर पाहून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं, ही सवय आम्हाला अजिबात पटत नाही. ८ सेंमीची पाण्याची पिशवी निरुपद्रवी असू शकते आणि ३ सेंमीच्या सिस्टमध्ये आतल्या भिंतीवर रक्तप्रवाह असलेले कोंब असतील तर ती जास्त काळजीची. रिपोर्टात हेच शब्द शोधा : भरीव भाग आणि त्यात रक्तप्रवाह, आतल्या भिंतीवर कोंब, जाड वेडेवाकडे पडदे, पोटात पाणी. नुसता ‘कॉम्प्लेक्स’ हा शब्द कॅन्सर सांगत नाही. तुमच्या सिस्टलाही एखादा रेडिओलॉजिस्ट कॉम्प्लेक्स म्हणेल, कारण आत निव्वळ पाणी नाही. रिपोर्टात ‘ओ-रॅड्स’ असा, अंडाशयाच्या गाठीत कॅन्सरची शक्यता किती ते सांगणारा आकडा दिला असेल तर वाचायला सोपं जातं. २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० टक्के, ५ म्हणजे त्याहून जास्त. आकडा नसेल तर रेडिओलॉजिस्टकडे मागायला संकोच करू नका.

आईंच्या ३ सेंमीला तुमच्या ४.६हून वेगळा नियम का, ते आता कळेल. पाळी कायमची थांबल्यावर अंडाशयातून अंडं बाहेर पडत नाही. त्यामुळे ‘महिन्याच्या कामातून झाली, जिरेल’ हे कारण त्यांना लागू पडत नाही, आणि त्या वयात अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यताही वाढलेली असते. तरी पाळी गेल्यावर साधी पाण्याची सिस्ट सापडणं दुर्मीळ नाही. एकाच बाजूला, एकच कप्पा, ५ सेंमीच्या आत आणि सीए-१२५ हे ३५च्या खाली असेल, तर ४ ते ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करतात. वर्षभर काही बदल नसेल तर पाठपुरावा थांबवतात.

सीए-१२५ तुम्हाला सांगितलं नाही, हे बरोबरच केलं. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, पोटाचा क्षयरोग, गर्भारपण अशा कितीतरी कारणांनी ते वाढतं. तुमच्या वयात ते ६० आलं असतं तर हाती भीतीशिवाय काही लागलं नसतं. धोका मोजण्याच्या एका पद्धतीत सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५ यांचा गुणाकार करतात. संशयास्पद खूण एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, थांबली असेल तर ३. समजा दोन खुणा आहेत आणि सीए-१२५ आहे ३०. तुमच्या वयात उत्तर ९० येईल, आईंच्या वयात २७०. २००च्या पुढे गेलं की साध्या स्त्रीरोगतज्ज्ञांऐवजी स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतात.

आईंना एवढंच विचारा : पोट सतत फुगल्यासारखं वाटतं का, दोन घासांत पोट भरतं का, लघवीला वारंवार जावं लागतं का, पाळी थांबल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं का. पहिल्या तिन्हींपैकी काही नव्याने सुरू होऊन महिन्यातले बहुतेक दिवस असेल, किंवा रक्तस्राव एकदाही झाला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. घराण्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, फक्त आईकडचाच नाही, वडिलांकडचाही. आणि ‘सुईने पाणी काढून तपासू’ असं कोणी सुचवलं तर त्यांच्या बाबतीत नको म्हणा. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही असं ठरत नाही, आणि असलाच तर तो सुईच्या वाटेने पोटात सांडतो.

अंडाशयाच्या पत्रांत हमखास मिसळला जाणारा आणखी एक विषय पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणाऱ्या विकाराचा. त्यात दिसतात ती २ ते ९ मिमीची, वाढ अर्ध्यात थांबलेली फॉलिकल्स, एका अंडाशयात २० किंवा जास्त. त्या सिस्ट नव्हेत, त्यांना पीळ पडत नाही की त्या कापून काढायच्या नसतात. तुमचा तो प्रश्न नाही.

स्तनातली १२ मिमीची सिम्पल सिस्ट म्हणजे दूध तयार करणाऱ्या भागातली सूक्ष्म नळी बंद होऊन पाण्याने फुगलेली. साधारण ३५ ते ५० या वयात ती फार आढळते, पाळीआधी ठुसठुसते, पाळी येऊन गेली की मऊ होते. तिने कॅन्सरचा धोका वाढत नाही आणि तिच्यासाठी ठरावीक अंतराने सोनोग्राफीही लागत नाही. फार दुखत असेल तरच बारीक सुईने पाणी काढतात. ते पिवळट, हिरवट किंवा तपकिरी आलं तर टाकून देतात, रक्ताळलेलं आलं तर तपासायला पाठवतात. पाणी काढल्यावर गाठ पूर्ण नाहीशी झाली पाहिजे. काही उरलं किंवा लगेच पुन्हा भरली, तर पुढची तपासणी लागते. रिपोर्टात ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणजे आतलं पाणी गढूळ, तिथे सहसा ६ महिन्यांनी पुन्हा पाहतात. ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे आत भरीव भागही आहे, तिथे जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. हे दोन शब्द कानाला सारखे वाटतात, त्यामुळे स्वतःच वाचा, कोणी फोनवर सांगितलेलं धरून चालू नका. आणि नवीन गाठ लागली तर ‘माझी ती जुनीच’ म्हणून सोडून देऊ नका, ती वेगळी तपासायची.

मानेवरची गाठ बहुधा एपिडर्मॉइड सिस्ट असेल. त्वचेतच असते, त्वचेबरोबर हलते, मधोमध काळा ठिपका असतो आणि दाबल्यावर दुर्गंधी पांढरट लगदा येतो. दाबू नका. पिशवी आतल्या आत फुटली की तो लगदा त्वचेखाली पसरतो, लाल होऊन ठणकते, पू होतो. चिघळलेली असताना फक्त पू काढतात. पूर्ण शांत झाल्यावर, महिना-दीड महिन्याने, जागा बधिर करून पिशवी ठिपक्यासकट काढतात. अस्तराचा तुकडा राहिला तर ती परत येते. त्रास नसेल तर नाही काढली तरी चालते. पण ही गाठ मानेच्या पुढच्या बाजूला असून गिळताना वर-खाली होत असेल तर ती थायरॉइडची, आणि खोलवर, टणक, वाढती असेल तर लसिकाग्रंथीची असू शकते. तसं असेल तर आमचं वरचं सगळं बाजूला ठेवून ती दाखवून घ्या.

पत्रात नाही, पण रिपोर्टात कधी तरी ‘नॅबोथियन सिस्ट’ असं दिसेल. गर्भाशयाच्या तोंडावरची ग्रंथी बंद होऊन साचलेला चिकट द्रव, एवढाच त्याचा अर्थ. उपचार नाही, गरजही नाही. योनीच्या दाराशी खालच्या बाजूला, डावीकडे किंवा उजवीकडे फुगवटा आला तर ती बार्थोलिन ग्रंथीची सिस्ट. दुखत नसेल तर कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा १०-१५ मिनिटं बसायचं, पिळायची नाही. लाल, गरम होऊन चालता-बसता येईनासं झालं तर पू झालाय. तिथे चीर देऊन छोटा फुगा असलेली नळी साधारण चार आठवडे ठेवतात, म्हणजे नवीन वाट तयार होते. नुसती चीर दिली तर ती लगेच मिटते आणि सिस्ट परत भरते. ही चाळिशीनंतर पहिल्यांदाच झाली तर बायोप्सीही करून घेतात.

मुलाबद्दल : दुसऱ्या सोनोग्राफीपर्यंत थांबलात तर पुढे कसली धाकधूक राहणार नाही, म्हणून तेवढं थांबा असा आमचा सल्ला. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड मात्र आजच सुरू करा. त्याआधीच दिवस राहिले तरी घाबरू नका, अशा सिस्ट गर्भारपणाच्या १६व्या आठवड्यापर्यंत बहुतेकदा जिरतात.

आणि ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाणार असाल तर हे विचारा : सहा आठवडे न थांबण्याचं कारण काय? फक्त सिस्ट काढणार की अंडाशयही? दुर्बिणीतून की पोट उघडून? सिस्ट पिशवीत घालून बाहेर घेणार का? आत संशयास्पद काही दिसलं तर त्याच वेळी काय करणार, आणि त्याला माझी संमती आधीच हवी आहे का? संमतीपत्रावर ‘सिस्टेक्टॉमी’ लिहिलं आहे की ‘ऊफोरेक्टॉमी’ तेही पाहून सही करा. पहिल्यात फक्त सिस्ट जाते, दुसऱ्यात अंडाशय. काढलेली प्रत्येक सिस्ट पॅथॉलॉजीला गेली पाहिजे. तिचा लेखी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तो स्वतः जाऊन घ्या आणि फाइलला लावून ठेवा.